कूस कुणी बदलायची?

आत्याला मिरजेहून घरी आणली त्या संध्याकाळी तिच्या धाकट्या सुनेने डिस्चार्जचा कागद माझ्यापुढे धरला. "वन्सं, ह्यात काय लिवलंय बघा की." औषधांच्या पाच ओळी, पुन्हा दाखवायची तारीख, आणि सगळ्यात खाली घाईघाईत खरडलेलं, इंग्रजीत, 'बॅक केअर. पोझिशन चेंज टू अवरली.' मी सांगितलं, पडून पडून पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीसुद्धा. तिने मान हलवली. मग भाकरी थापता थापता मागे वळून न बघताच म्हणाली, "रातच्यालाबी? मग धारा कवा काढायच्या आन् रानात कवा जायचं?"

मी एकतीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली, आधी वॉर्डात आणि मग कॉलेजात शिकवण्यात. 'दर दोन तासांनी' हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. ती कूस बदलणार कोण, हे मात्र मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. वॉर्डात सकाळपाळी संपली की दुपारची सिस्टर येते, तिच्यानंतर रात्रीची. घरात तिन्ही पाळ्या एकाच बाईच्या असतात, आणि तिला हॅंडओव्हर घ्यायला कुणी येत नाही.

आत्याचं गाव खानापूर तालुक्यात, विट्यापासून जवळच. इकडची आणि आटपाडीकडची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. दक्षिणेत, उत्तरेत, कुठल्याही शहरातल्या सराफकट्ट्यावर या भागातला माणूस सापडतो. आत्याचा थोरला मुलगा आणि सून मदुराईला असतात. पैसे वेळेवर येतात, रोज फोन येतो, त्यात खोट काढायला जागा नाही. साताऱ्याकडे पाटण-जावळीतून तसाच माथाडीच्या कामाला मुंबईला गेलेला मुलगा असतो. मागे उरतो तो घराचा सोपा, सोप्यातली लोखंडी खाट आणि खाटेवरचं माणूस.

मला म्हणायचं आहे ते एवढंच, की म्हातारपणाच्या शुश्रूषेवरचं आपल्या नर्सिंग कॉलेजांमधलं संशोधन या खाटेपाशी सुरू व्हायला पाहिजे. सध्या ते प्रश्नावलीपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं.

एम.एस्सी. नर्सिंगच्या दोन वर्षांत प्रबंध लिहावा लागतो. ग्रंथालयाच्या कपाटात हे प्रबंध ज्यांनी रांगेत पाहिलेत त्यांना शीर्षक तोंडपाठ असतं. 'अ स्टडी टू असेस द इफेक्टिव्हनेस ऑफ स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम ऑन नॉलेज रिगार्डिंग' अमुक 'अमंग' तमुक 'इन सिलेक्टेड एरियाज'. अमुकच्या जागी बेडसोर, म्हणजे तीच पाठीची जखम, घाला, तोल जाऊन पडणं घाला, मधुमेहाचा पाय घाला. तमुकच्या जागी वृद्धाश्रमातले आजी-आजोबा नाहीतर घरची माणसं. तीस प्रश्नांची प्रश्नावली, आधी एक चाचणी, मग पाऊण तास फ्लॅश कार्ड दाखवून शिकवणं, सातव्या दिवशी तीच चाचणी पुन्हा. साठ नमुने, म्हणजे साठ माणसं, टी-टेस्ट नावाचं संख्याशास्त्रातलं गणित, 'ज्ञानात लक्षणीय वाढ', सही, शिक्का आणि प्रबंध बायंडिंगवाल्याकडे. शिकवून आठवड्याने तोच पेपर दिला तर मार्क वाढणारच. न वाढते तर ती बातमी झाली असती. त्या साठांपैकी कुणाच्या पाठीची जखम टळली का, हे प्रबंधात कुठेच नसतं, कारण ते विचारलेलंच नसतं. असे प्रबंध गाइड म्हणून सह्या करून मीही पाठवलेत, तेव्हा हा दगड पहिल्यांदा माझ्याच अंगणात पडतो.

मुलींना दोष देऊन उपयोग नाही. वर्ग, वॉर्डाच्या पोस्टिंग, एथिक्स कमिटी, परवानगीची पत्रं यातून हाती उरतात ते चार-सहा महिने. पैसा स्वतःच्या पदरचा. अशा वेळी साठ नमुने एका छताखाली मिळतील अशी जागा म्हणजे वृद्धाश्रम. त्यामुळे एकेका वृद्धाश्रमावर दरवर्षी चार-पाच जणी जाऊन धडकतात. अशाच एका ठिकाणी एक निवृत्त मास्तर होते. विद्यार्थिनींना घेऊन मी तिसऱ्या वर्षी गेले तेव्हा ते म्हणाले, "बाई, यंदा एकटेपणाचा पेपर नाही का? मागच्या वर्षीची उत्तरं मला पाठ आहेत." आम्ही सगळ्या हसलो. परत येताना गाडीत मात्र कुणी फारसं बोललं नाही. तीन वर्षं आम्ही त्या माणसाचा एकटेपणा मोजत होतो आणि मोजून परत येत होतो.

पद्धत शिकण्यापुरता असा प्रबंध चालतो, हे मी मान्य करते. सायकल शिकताना कुणी वाईपर्यंत जात नाही. पण पंचवीस-तीस वर्षं आपण त्याच मैदानात गोल फिरतोय.

नर्सने संशोधन करायचं म्हणजे डॉक्टरांची नक्कल, असं वाटणारे आमच्या क्षेत्रातही पुष्कळ आहेत. त्यांना मी डोरीन नॉर्टनची गोष्ट सांगते. इंग्लंडमधली ही नर्स. १९६२ साली तिने दोन सहकाऱ्यांबरोबर रुग्णालयातल्या वृद्धांच्या शुश्रूषेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी पाठीला जखम होऊ नये म्हणून वॉर्डावॉर्डात नाना मलमं, लोशनं, स्पिरिट चोळायची रीत होती. प्रत्येक सिस्टरचं स्वतःचं खात्रीचं औषध. नॉर्टनने नीट नोंदी ठेवून पाहिलं तेव्हा दिसलं, की कशाने चोळता याला फारसं महत्त्व नाही, माणसाला हलवता की नाही याला आहे. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबलं जातं, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, आतलं मांस आधी मरतं आणि कातडीवर ते उशिरा दिसतं. एवढी साधी गोष्ट, पण ती खाटेशेजारी उभ्या राहणाऱ्या बाईने मोजून दाखवली. आणि आपल्याकडे? माझ्या विद्यार्थिदशेत पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर मारली की 'बॅक केअर' झाली, असंच आम्हाला शिकवलं गेलं. लाल झालेल्या जागी चोळू नये, हे आज पुस्तकात आहे. हवेच्या रबरी रिंगवर बसवू नये, हेही आहे, तरी मेडिकलच्या दुकानात ती रिंग आजही मिळते आणि लोक विश्वासाने घेतात.

पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोघींनी जोखीम मोजायची पट्टी बनवली. संवेदना, ओल, चालणं-फिरणं, हालचाल, आहार आणि कातडीचं घासलं जाणं, अशा सहा गोष्टींना मिळून ६ ते २३ गुण, आणि जेवढे गुण कमी तेवढा धोका जास्त. आपल्याकडे ही पट्टी सगळ्या कॉलेजांत शिकवतात. पण तिच्याबरोबर ज्या पुस्तकांतून शिकवतात त्यांतली पहिल्या पायरीच्या, म्हणजे कातडी अजून न फुटलेल्या, जखमेची चित्रं गोऱ्या कातडीवरची असतात, दुधावर कुंकू सांडावं तशी लाल. खानापूरच्या उन्हात ऐंशी वर्षं रापलेल्या पाठीवर ती लाली दिसत नाही. तिथे हाताची मागची बाजू लावून ऊब बघावी लागते, बोटाने घट्टपणा जोखावा लागतो. आत्याच्या माकडहाडावरची जागा मिरजेत कुणाला दिसली नाही ती याच कारणाने असेल. दवाखान्याला मी दोष देत नाही. मलाही पहिल्या दिवशी ती दिसली नव्हती. बाराव्या दिवशी साल गेली तेव्हा दिसली. सावळ्या कातडीवर पहिली खूण कशी ओळखायची, हे आपल्या पोरींनी आपल्या वॉर्डात पाहून लिहिलं तर ते देशोदेशी वाचलं जाईल. पाऊण तासाची फ्लॅश कार्डं कुणी वाचत नाही.

जखम झाल्यावर गावाने उपाय सांगितले. कुणी राख म्हणालं, कुणी हळद. सांगलीत राहून हळदीला नावं ठेवली तर मार्केट यार्डातून जाता येणार नाही, म्हणून मी गप्प बसले. पण त्या जागेवरचा दाब हटला नाही तर सोन्याची पूड भरली तरी जखम भरायची नाही, आणि गलाईवाल्याच्या घरात तेवढं वाक्य लगेच पटलं. मदुराईहून पैसे आले. आधी वीजेवर चालणारी हवेची गादी आणली. लाइट गेली की ती बसायची आणि आत्या थेट खाटेच्या पट्ट्यांवर. मग सांगलीतून जाड, घट्ट फोमची गादी आणली.

त्या चार महिन्यांत मी दर शनिवारी जात होते. आधी शिकवायला म्हणून गेले, नंतर नुसतीच बघत बसले. सुनेने दोन तासांचा हिशोब पहिल्या आठवड्यातच सोडून दिला होता. तिने कूस बदलायच्या वेळा घराच्या चालीला बांधल्या. पहाटेच्या धारेआधी एकदा, रानात जायच्या आधी एकदा, दुपारी परत आल्यावर, चहाला, संध्याकाळच्या धारेनंतर, रात्री झाकपाक झाल्यावर आणि मधे एकदा उठून. दिवसातून सात वेळा. पाठीमागे तिने जुन्या वाकळेची वळकटी लावली होती आणि पोटऱ्यांखाली दुमडलेलं लुगडं, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून. टाच अधांतरी ठेवावी हे पुस्तकात आहे. ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. "टाच काळी दिसाय लागली, म्हणून उचलून धरली," एवढंच तिचं उत्तर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब असायचा, त्याच चौकटीत तिने अक्षरं मांडायला सुरुवात केली, 'ड', 'उ', 'पा'. डावी, उजवी, पाठ. आता कुठली कूस, यावरून नवऱ्याशी रोज वाद व्हायचा, तो मिटवायला.

सात वेळा पुरे आहे का? माझ्या फळ्याप्रमाणे नाही. पण २०१३ साली त्याच नॅन्सी बर्गस्ट्रॉमने एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ९४२ वृद्धांना तीन गटांत वाटलं, कुणाची कूस दर दोन तासांनी, कुणाची तीन, कुणाची चार. सगळ्यांना घट्ट फोमची चांगली गादी. जखमांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. ज्या बाईने आयुष्य या विषयात घालवलं तिने आपल्याच शास्त्राचा पाठ झालेला नियम तपासायला काढला, आणि तो तेवढाच खरा नाही असं निघाल्यावर तसं छापलं. मला तिचं कौतुक वाटतं, आणि थोडी लाजही वाटते, कारण हा अभ्यास येऊन गेल्यावरही मी फळ्यावर दोन तासच लिहीत होते.

मात्र हे निष्कर्ष उचलून खानापुरात आणता येत नाहीत. तिथे फोमची गादी आहे, इथे बहुतेक घरांत कापसाची, गाठी झालेली. तिथे प्रशिक्षित माणूस दोघादोघांनी उचलून वळवतो, इथे एकटी बाई काखेत हात घालून ओढते, आणि ओढण्याने कातडी सोलते ती वेगळीच. चैत्रातला घाम आहे, लघवीला फडकी आहेत. आपल्या गादीवर, आपल्या उन्हाळ्यात, एका बाईच्या हाताने, किती वेळा कूस बदलली तर पाठ टिकते? याचं उत्तर मिळालं तर जिल्ह्यातल्या हजारो सुनांची झोप वाचेल किंवा निदान कशासाठी मोडतोय हे तरी त्यांना कळेल. प्रश्न साधा आहे, यंत्र लागत नाही. लागते ती वही आणि सलग तीन-चार वर्षं. एका विद्यार्थिनीने सुरू केलेला प्रश्न पुढच्या वर्षीच्या मुलीने उचलायचा, नोंदी जोडत जायच्या. आज आपल्याकडे प्रत्येकीला 'नवा' विषय लागतो आणि म्हणून सगळ्यांचे विषय सारखे होतात.

दुसरा प्रश्न डिस्चार्जनंतरच्या पंधरवड्याचा. आत्याची जखम त्या पंधरवड्यात झाली. फिलाडेल्फियात मेरी नेलर या नर्स-संशोधिकेने १९९९ साली ३६३ वृद्ध रुग्णांवरचा अभ्यास मांडला. एका गटाला नेहमीसारखा डिस्चार्ज. दुसऱ्या गटात नर्सने दाखल असतानाच घरी जायची तयारी सुरू केली आणि नंतर घरी जाऊन, फोन करून पाठपुरावा केला. चोवीस आठवड्यांत पहिल्या गटातले शंभरातले ३७ जण पुन्हा दाखल झाले, दुसऱ्यातले २०. हे औषधाने झालेलं नाही. कुणीतरी विचारत राहिलं म्हणून झालं. मिरजेत १८९४ साली मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी रुग्णालय उभारलं तेव्हापासून अर्धा कर्नाटक आणि निम्मा पश्चिम महाराष्ट्र 'मिरजेला न्या' म्हणतोय. मिरजेहून घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे विचारायला गाव-गाव फिरणारी सिस्टर मात्र मी पाहिलेली नाही.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, वॉर्डातच माणसं पुरत नाहीत, संशोधनाचे लाड कसले? रात्रपाळीला एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळलेला असल्यामुळे हे उत्तर मला खोटं वाटत नाही. पण माणसं का वाढवून द्यायची, हे सरकारला पटवायचं कशाने? 'आम्ही फार थकतो' हे सांगून आजवर कुठली भरती झाली? इतक्या खाटांमागे एक सिस्टर असताना इतक्या पाठी फुटल्या, इतक्या असताना इतक्या, असा आकडा हातात असला तर निदान बोलायला तोंड मिळतं. तो आकडा आपणच गोळा करायचा असतो.

दुसरं उत्तर जास्त गोड आणि म्हणून जास्त धोक्याचं. आपल्याकडे आईबाप घरातच सांभाळतात, हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ. घरात सांभाळतात हे खरं आहे. सांभाळतं कोण, तर सून, क्वचित मुलगी. संस्कृतीचं नाव घेतलं की तिचे हात दिसेनासे होतात, तिची कंबर कुणी मोजत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. चांगलं आहे. पण आत्याला पैसे कमी पडत नव्हते.

आकडे मोठ्या पातळीवर गोळा होतात, नाही असं नाही. मुंबईत देवनारच्या लोकसंख्या अभ्यास संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर ७२ हजारांवर माणसांची पाहणी केली. साठीपुढच्या चौघांतल्या तिघांना एक तरी जुनाट आजार आहे, असं त्यातून दिसलं. २०५० च्या सुमाराला देशात पाचातला एक माणूस साठीपुढचा असेल असा अंदाज आहे. किती आणि कोण, हे अशा पाहणीतून कळतं. कूस कशी बदलायची, हे कळत नाही. ते तिचं कामही नव्हे. ते नर्सिंगचं काम. आणि नर्सिंगच्या एम.एस्सी.ला शाखा पाच: मेडिकल-सर्जिकल, बालरुग्ण, प्रसूती, मानसिक आरोग्य, सामाजिक आरोग्य. मुलांना स्वतंत्र शाखा आहे, म्हाताऱ्यांना नाही. वृद्धशुश्रूषेचा एक पोस्ट-बेसिक, म्हणजे नर्सिंगच्या मूळ शिक्षणानंतरचा, डिप्लोमा अस्तित्वात आहे, पण इतक्या वर्षांत तो करून आलेली एकही सिस्टर माझ्या ओळखीत नाही. करून आली तरी पगारपत्रकात तिच्यासाठी जागा कुठली?

केरळने २००८ साली पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं, धोरण आणलं आणि गावोगावी घरी जाणारी नर्स उभी केली. ती पाठीची जखम धुते, लघवीची नळी बदलते, सुनेशी बोलते. आपल्याकडेही २०१८ पासूनच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या (आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात) यादीत वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा छापलेली आहे. तेव्हा नवी योजना मागायची गरज नाही. सांगली, मिरज, कऱ्हाडच्या नर्सिंग कॉलेजांनी आपापल्या भोवतालची दहा-दहा गावं घेतली, सामाजिक आरोग्याच्या पोस्टिंगला जाणाऱ्या मुली तिथल्या खाटांपर्यंत पोचल्या आणि विद्यापीठाने 'ज्ञान वाढलं' ऐवजी 'जखम टळली का' या प्रश्नाला प्रबंध म्हणून मान्यता दिली, तर सुरुवात होईल. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे, कारण जखम टळली नाही असं निघालं तर मुलीला मार्क कोण देणार? द्यायला पाहिजेत. बर्गस्ट्रॉमला दिले असते की नाही?

'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. संस्कृतच्या सरांनी हे शाळेत सांगितलं होतं तेव्हा नुसतं पाठ केलं होतं.

आत्याची जखम दिवाळीपर्यंत भरली. फोममुळे, की सात वेळांमुळे, की पेजेबरोबर दोन वेळा अंडं सुरू केलं त्यामुळे, मला सांगता येणार नाही. एका आत्यावरून सिद्धांत निघत नाही. माघात ती छातीत कफ होऊन गेली. दिवस झाल्यावर मी सुनेकडे ते कॅलेंडर मागितलं, विद्यार्थिनींना दाखवायचं होतं. नवं वर्ष लागल्यावर तिने ते उतरवलं होतं. पापडाच्या डब्यांखाली फळीवर अंथरलेलं सापडलं. ती ओशाळून म्हणाली, "वन्सं, तुमास्नी लागंल म्हाईत असतं तर ठिवलं असतं की." जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर वाचता येतात, तेलाचे डाग सोडून. पुढची पानं मिळाली नाहीत.